वयाची अट

टाळेबंदी सैल होऊ लागली तेव्हा, 30 मे 2020 रोजी, महाराष्ट्र सरकारने चित्रपट आणि मालिकांचं चित्रीकरण पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. सोबत लांबलचक नियमावली होती. मास्क, सॅनिटायझर, सुरक्षित अंतर या नेहमीच्या गोष्टींबरोबर तिच्यात एक अट होती: 65 वर्षांवरच्या कोणाही कलाकाराला किंवा कर्मचाऱ्याला सेटवर येता येणार नाही. मुंबईतल्या एका सत्तर वर्षांच्या अभिनेत्याने या अटीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. लहानसहान भूमिका करत त्यांनी चाळीस वर्षं या धंद्यात काढली होती आणि पोटापाण्याचं दुसरं साधन त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याच वयाचा दुकानदार दुकान उघडून दिवसभर बसू शकतो, मग मलाच कामावर जायला बंदी का, हा त्यांचा सवाल. या फरकाला आधार देणारी आकडेवारी किंवा अहवाल सरकारला दाखवता आला नाही. 7 ऑगस्ट 2020 रोजी न्या. शाहरुख काथावाला आणि न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने ती अट भेदभावाची ठरवून रद्द केली.

हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. अर्जदाराने पेन्शन मागितली नव्हती, सवलत मागितली नव्हती, मानसन्मानही मागितला नव्हता. जन्मतारखेकडे बोट दाखवून मला अडवू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. जगभरातल्या वृद्धांचे गेल्या शंभर वर्षांतले लढे पाहिले तर त्यांत दोन सूर ऐकू येतात. एक ‘आम्हाला द्या’ असं म्हणणारा, दुसरा ‘आम्हाला अडवू नका’ असं म्हणणारा. दोन्ही न्याय्य आहेत. पण आपल्या देशात पहिला सूर मोठा आहे आणि दुसरा जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि दुसरा नाही म्हणून पहिलाही कमकुवत राहिला आहे, असं माझं मत आहे.

दुसऱ्या सुराचा सर्वांत जुना आणि नीट नोंदलेला इतिहास अमेरिकेचा. 1964 च्या नागरी हक्क कायद्यात वंश, धर्म, लिंग आलं. वय वगळलं गेलं. त्याऐवजी मजूरमंत्र्यांना या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगण्यात आलं. मजूरमंत्री विलर्ड वर्ट्झ यांनी 1965 मध्ये दिलेल्या अहवालात दिसलं, की खासगी क्षेत्रात निघणाऱ्या जवळपास निम्म्या जागांची दारं पंचावन्नच्या पुढच्या उमेदवारांना बंद होती, आणि पाव जागांची पंचेचाळीसच्या पुढच्यांना. डिसेंबर 1967 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नोकरीतल्या वयभेदाविरुद्धच्या कायद्यावर सही केली. पण त्याचं संरक्षण 40 ते 65 या वयापुरतंच होतं. चौसष्टाव्या वर्षी वयावरून काढलं तर दाद मागता येई. पासष्ट पूर्ण झाले की तोच मालक तेच कारण सांगून माणसाला घरी पाठवू शकत असे.

मॅगी कून यांच्यावर हीच वेळ आली. त्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यालयात काम करत होत्या. 1970 मध्ये वयाची पासष्टी गाठताच त्यांना निवृत्त व्हायला भाग पाडलं गेलं आणि निरोपाची भेट म्हणून शिवणयंत्र देण्यात आलं. ज्या बाईने आयुष्यभर संघटना बांधल्या, कामगार स्त्रियांचे प्रश्न मांडले, तिने आता घरी बसून शिवणकाम करावं, ही देणाऱ्यांची कल्पना. कून यांनी त्या यंत्राला हात लावला नाही. आपल्यासारख्याच सक्तीने निवृत्त झालेल्या पाच मैत्रिणींना त्यांनी गोळा केलं आणि काम सुरू केलं. संघटनेचं मूळ नाव लांबलचक होतं. ‘ग्रे पँथर्स’ हे सुटसुटीत नाव दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाच्या निर्मात्याने सुचवलं आणि तेच रूढ झालं. त्याच सुमारास, 1969 मध्ये, रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी वृद्धांविषयीच्या या पूर्वग्रहाला वंशभेद आणि लिंगभेद यांच्या पंक्तीत बसवलं होतं. वॉशिंग्टनलगतच्या एका सुखवस्तू वस्तीत वृद्धांसाठी घरं उभी राहणार होती आणि शेजाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. त्या निमित्ताने बटलर बोलले.

कून यांच्या पहिल्या कामांतलं एक होतं व्हिएतनाम युद्धाला विरोध. म्हाताऱ्यांच्या संघटनेला युद्धाशी काय कर्तव्य, असं वाटू शकतं. पण त्यांचा हिशेब सरळ होता. एका वयाला सक्तीने घरी बसवलं जात होतं आणि दुसऱ्या वयाला सक्तीने लढाईवर पाठवलं जात होतं, आणि दोघांनाही कोणी विचारत नव्हतं. म्हणून ग्रे पँथर्समध्ये सुरुवातीपासून तरुण होते. फिलाडेल्फियातल्या आपल्या घरातही कून वयाने कितीतरी लहान असलेल्या सोबत्यांसह राहत. दूरचित्रवाणीवर वृद्ध माणूस विसरभोळा, हट्टी, खुळा असाच दाखवला जातो का, यावर त्यांच्या गटाने पाळत ठेवली. 1973 मध्ये राल्फ नेडर यांच्या प्रेरणेने उभा राहिलेला निवृत्त व्यावसायिकांचा गट त्यांना येऊन मिळाला. या गटाने श्रवणयंत्रांच्या व्यापारातली लूट चव्हाट्यावर आणली होती.

अमेरिकेतल्या वृद्धांची सर्वांत मोठी संघटना मात्र वेगळ्या वाटेने वाढली. निवृत्त मुख्याध्यापिका एथेल पर्सी अँड्रस यांनी 1958 मध्ये ‘एएआरपी’ स्थापन केली ती निवृत्त शिक्षकांना आरोग्यविमा मिळवून देण्याच्या खटपटीतून. विम्यापासून सुरू झालेली ही संघटना कोट्यवधी सभासदांची झाली, आणि आज तिच्या शब्दाला वॉशिंग्टनमध्ये वजन आहे. कून यांची संघटना तिच्यापुढे चिमुकली होती आणि 1995 मध्ये त्या गेल्यावर ती आणखी लहान झाली. तरी मी झुकतं माप कून यांनाच देईन. सभासद मोजून दबाव आणता येतो, पण सक्तीची निवृत्ती हा अन्याय आहे हे समाजाच्या गळी उतरवायला कुणीतरी आधी ते जाहीरपणे बोलावं लागतं. 1978 मध्ये कायद्यातली वरची मर्यादा 65 वरून 70 झाली, 1986 मध्ये ती बहुतेक सर्व नोकऱ्यांसाठी काढूनच टाकली गेली. हे घडवून आणण्यात पुढे होते स्वतः पंचाहत्तरी ओलांडलेले खासदार क्लॉड पेपर.

न्यायालयांनी मात्र हा प्रश्न तितका मनावर घेतला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्य पोलिसांना पन्नाशीत निवृत्त करत. पन्नाशीला पोचलेला एक धडधाकट अधिकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काही महिन्यांपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत तो पूर्ण तंदुरुस्त ठरला होता. 1976 मध्ये तो हरला. वार्धक्य ही जगलो तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी अवस्था आहे, म्हणून वयावरचा भेद वंशावरच्या भेदाच्या तोडीचा मानता येत नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो, पण तो मला पटत नाही. आज नियम करणारा उद्या म्हातारा होणार आहे, हे खरं. पण आज तो म्हातारा नाही, आणि आपण त्या माणसासारखे कधी होऊ अशी कल्पनाही त्याच्या मनाला शिवत नाही. 2009 मध्ये त्याच न्यायालयाने पुराव्याची अट आणखी कडक केली: वय हे अनेक कारणांपैकी एक होतं एवढं दाखवून भागणार नाही, वय नसतं तर नोकरी गेली नसती हे सिद्ध करा. मालक असं कारण कागदावर लिहून देत नाही हे नोकरी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

इतर देशांतल्या दोन घटना सांगून पुढे जातो. कॅनडात 1985 मध्ये ब्रायन मल्रोनी यांच्या सरकारने वृद्धांच्या पेन्शनची महागाईशी असलेली सांगड सैल करायचं ठरवलं. जूनमध्ये संसदेबाहेर निदर्शनं चालू असताना सोलांज डनी नावाच्या साठी ओलांडलेल्या बाईंनी पंतप्रधानांना समोरासमोर गाठलं आणि कॅमेऱ्यांदेखत तोंडावर सुनावलं, की तुम्ही आमच्याशी खोटं बोललात, मतं घेतलीत आणि आता आम्हाला निरोप देताय. महिना संपायच्या आत सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. ब्रिटनमध्ये 2011 साली ठरावीक वयाला घरी पाठवण्याची मालकांना असलेली सरसकट मुभा संपली. त्याच वर्षी जानेवारीत दूरचित्रवाणी निवेदिका मिरियम ओ’रायली यांनी बीबीसीविरुद्धचा वयभेदाचा दावा जिंकला. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना ग्रामीण जीवनावरच्या कार्यक्रमातून काढण्यात आलं होतं. पुरुष निवेदक पांढऱ्या केसांनी पडद्यावर मिरवतात आणि बाईच्या सुरकुत्या मात्र खपत नाहीत, हा अनुभव आपल्याकडच्या अभिनेत्रींनाही नवा नाही.

आता आपल्याकडे येऊ.

संविधानाच्या 15 व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई आहे. वय त्या यादीत नाही. नोकऱ्यांविषयीच्या 16 व्या कलमातही नाही. वार्धक्याचा उल्लेख येतो तो 41 व्या कलमात, राज्याने आर्थिक कुवतीच्या मर्यादेत मदत करावी असं सांगणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे म्हातारा माणूस आपल्या संविधानात येतो तो मदतीला पात्र म्हणून. आपल्या चळवळींची दिशाही तिथूनच ठरली असावी. खासगी मालकाने वयावरून नोकरी नाकारली, घरमालकाने एकट्या म्हाताऱ्या बाईला घर भाड्याने दिलं नाही, तर दाद मागायला आपल्याकडे कुठलाही स्वतंत्र कायदा नाही.

तरीही समतेच्या भाषेत मागितलं तेव्हा मिळालं, असा अनुभव आहे. 1979 मध्ये केंद्र सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण त्या वर्षीच्या 31 मार्चला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ते लागू केलं. आदल्या दिवशी निवृत्त झालेला माणूस जुन्या तुटपुंज्या पेन्शनवर. डी. एस. नकारा आणि एच. डी. शौरी यांची ‘कॉमन कॉज’ संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी निकाल दिला, आणि तो लिहिला न्या. डी. ए. देसाई यांनी. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचं ते देणं आहे, आणि तारखेची रेघ ओढून पेन्शनरांमध्ये दोन जाती करता येणार नाहीत, हे त्या निकालाचं सार. पेन्शनरांच्या संघटना 17 डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळे.

सरकारी पेन्शनरांना हे कवच मिळालं. कारखान्यांतल्या, साखर उद्योगातल्या, एसटीतल्या निवृत्तांना नाही. त्यांची योजना ईपीएस-95. मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या 8.33 टक्के एवढा भाग, तोही ठरावीक पगारमर्यादेपर्यंतचाच, तिच्यात जमा होतो. पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. पस्तीस वर्षं खाडा न करता नोकरी केलेल्या माणसाच्या हाती हजार-दोन हजार रुपये पडतात. सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन 1,000 रुपये झाली. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने तर 2013 मध्येच किमान 3,000 रुपयांची शिफारस केली होती. या पेन्शनरांच्या आंदोलनाचं एक ठळक ठाणं आपल्या विदर्भात आहे. बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर 24 डिसेंबर 2018 पासून त्यांनी साखळी उपोषण सुरू केलं, आणि ते वर्षानुवर्षं चालू ठेवलं. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या राष्ट्रीय संघर्ष समितीची मागणी आहे दरमहा 7,500 रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नीला मोफत उपचार. सत्तरीतली माणसं आळीपाळीने मांडवात येऊन बसतात, उन्हात आणि पावसातही. महाराष्ट्रात वृद्धांनी इतक्या चिकाटीने चालवलेलं दुसरं आंदोलन मला ठाऊक नाही, आणि त्या मानाने वर्तमानपत्रांनी त्याला दिलेली जागा फार थोडी आहे.

त्या उलट रेल्वेच्या सवलतीची गोष्ट. साठीवरच्या पुरुषांना भाड्यात 40 टक्के आणि अठ्ठावन्नवरच्या स्त्रियांना 50 टक्के सूट मिळत असे. 20 मार्च 2020 रोजी साथीचं कारण सांगून ती थांबवण्यात आली. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत झाल्या, सूट परतली नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी निवेदनं दिली, खासदारांनी प्रश्न विचारले. तिकिटावर सर्वच प्रवाशांना अनुदान मिळतं, हे सरकारचं ठरलेलं उत्तर. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधीची याचिका फेटाळली, कारण सवलत द्यायची की नाही हा सरकारच्या धोरणाचा भाग. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही. एका परिपत्रकाने दिलेलं दुसऱ्या परिपत्रकाने काढता येतं. एसटीत 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे. त्यामुळे खेड्यातली कितीतरी माणसं लेकीकडे, दवाखान्यात, देवदर्शनाला जाऊ लागली, आणि ही सोय टिकावी असं मला मनापासून वाटतं. पण तिचा पाया रेल्वेच्या सुटीपेक्षा भक्कम नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. वयावरून अडवू नका म्हणता, मग वयावरून सवलत कशी मागता? याचं उत्तर टाळता कामा नये. बसमध्ये कमी भाडं घेतल्याने कुणाची वाट अडत नाही. सेटवर बंदी घातली की माणसाची भाकरी जाते. पहिल्या गोष्टीसाठी वय हा ढोबळ निकष चालून जातो, दुसऱ्यासाठी माणूस प्रत्यक्ष पाहावा लागतो: त्याची तब्येत, त्याचं काम, त्याची इच्छा. तरी मी मान्य करतो, की सुस्थितीतल्या पेन्शनरांच्या संघटना प्रवासाच्या सुटीसाठी जितका आवाज उठवतात तितका नोकरी, विमा, कर्ज, घर नाकारलं गेल्याबद्दल उठवत नाहीत. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांकडे माणसं आहेत, जागा आहे, वेळ आहे, आणि निवृत्त वकील, तहसीलदार, शिक्षक असं हाताशी असलेलं ज्ञान आहे. आपल्या गावात वयावरून कोणाला कुठे नकार मिळाला याची एक साधी वही त्यांनी ठेवली तरी सरकारपुढे ठेवायला आधार तयार होईल.

निवृत्तीच्या वयावरून तर घरातच भांडण होतं. बहुतेक राज्य सरकारी कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्राचे 60 व्या. कर्मचारी संघटना 60 मागतात आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं त्याला विरोध करतात. मोजक्या जागांच्या सरकारी नोकरीत मी मुलांच्या बाजूने आहे. तिथे एकाने दोन वर्षं अधिक काढली की दुसऱ्याची दोन वर्षं जातात. पण याच मुलांकडे नीट पाहा. वयाच्या अटीचा जाच त्यांना आपल्या आजोबांइतकाच आहे. 2016 मध्ये खुल्या गटासाठीची राज्यसेवेची मर्यादा 33 वरून 38 झाली ती मागणी करूनच. साथीच्या काळात परीक्षा लांबल्या आणि अनेकांचं वय उलटलं, तेव्हा रस्त्यावर उतरून त्यांनी एकदाची सूट मिळवली. अडतिशीत अर्ज बाद झालेला पुण्यातल्या अभ्यासिकेतला मुलगा आणि पासष्टीत सेटवरून परत पाठवलेला नट यांची तक्रार एकच आहे. मॅगी कून यांनी विद्यार्थ्यांचा हात का धरला ते इथे कळतं. आपल्याकडे ही दोन टोकं जोडणारं अजून कोणी पुढे आलेलं नाही.

काही अडसर तर कोणी जाणूनबुजून घातलेले नसतात, तरी ते वृद्धांनाच नेमके लागतात. नोव्हेंबरात तालुक्याच्या गावी हयातीच्या दाखल्यासाठी लागलेली रांग पाहावी. एसटीतल्या वाहकाची विधवा, वय पंचाहत्तरीचं, जन्म खुरपणी आणि धुणीभांडी करण्यात गेलेला. यंत्रावर अंगठा ठेवते, लाल दिवा लागतो. बोट पुसून घ्या. थोडं तेल लावा. दुसरं बोट ठेवा. दाबून ठेवा. सगळी बोटं होतात. रेषाच उरल्या नाहीत तर ठसा कुठून उमटणार? ‘आजी, उद्या या, आज सर्व्हर बरोबर नाही,’ असं सांगून रांग पुढे सरकते. जीवन प्रमाण ही सोय नोव्हेंबर 2014 मध्ये आली ती म्हाताऱ्यांचे हेलपाटे वाचवण्यासाठीच. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय 2021 मध्ये आली, पण ती स्मार्टफोनवर. ज्या बाईने आयुष्यभर हाताने काम केलं तिचीच बोटं यंत्राला ओळखता येत नाहीत, आणि ती हयात आहे हे तिलाच सिद्ध करावं लागतं.

स्पेनमध्ये अशाच अनुभवातून देश हलला. व्हॅलेन्सियातले निवृत्त मूत्ररोगतज्ज्ञ कार्लोस सान हुआन यांना कंपवात आहे. यंत्रावर आकडे दाबताना हात थरथरतो. बँका शाखा बंद करत होत्या, काउंटरच्या वेळा आखडत होत्या आणि सगळं ॲपवर करा म्हणत होत्या. 78 व्या वर्षी त्यांनी सह्यांची मोहीम काढली: मी म्हातारा आहे, मूर्ख नाही. सहा लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्या त्यांनी अर्थ मंत्रालयात नेऊन दिल्या. त्याच महिन्यात बँकांच्या संघटनांनी सरकारसमोर करार करून काउंटर सकाळी 9 ते दुपारी 2 उघडे ठेवण्याचं आणि वृद्धांना प्राधान्य देण्याचं कबूल केलं. एका माणसाने सुरू केलेलं काम अवघ्या काही आठवड्यांत तडीस गेलं, कारण मागणी नेमकी होती आणि प्रत्येक घरात तिचा अनुभव होता.

आपल्याकडे आरोग्यविम्यात बदल झाला तो नियामकाकडून. विमा कंपन्यांना किमान 65 व्या वर्षापर्यंत प्रवेश देणं बंधनकारक होतं. त्यापुढे दार बंद करायची मुभा होती. एप्रिल 2024 पासून ही वयाची रेघ पुसली गेली. जानेवारी 2025 मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ परस्पर करायला मनाई झाली. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत 5 लाखांचं संरक्षण आहे. पावलं योग्य आहेत. पण पॉलिसी नाकारता येत नाही म्हणून सुरुवातीचा हप्ताच आवाक्याबाहेर ठेवला, तर तो नकारच आहे, आणि त्यावर कोणाचं लक्ष नाही.

2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा हा वृद्धांसाठीचा आपला मुख्य कायदा. मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देणारं न्यायाधिकरण, सांभाळण्याच्या अटीवर नावावर करून दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची तरतूद, यांमुळे अनेकांना घर परत मिळालं आहे. त्याची गरज नाकारणाऱ्या माणसाने कधी प्रांताच्या कचेरीत बसून त्या सुनावण्या ऐकलेल्या नसणार. मात्र या कायद्याला म्हातारा माणूस दिसतो तो प्रामुख्याने कुणाचा तरी बाप किंवा आई म्हणून. निर्वाहखर्चाची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये लिहिलेली आहे. मुलं नसलेली, किंवा मुलंच दारिद्र्यात असलेली माणसं त्यात नीट बसत नाहीत, आणि मालक, बँक, विमा कंपनी यांच्या वागण्याला तो शिवतही नाही. केरळने मार्च 2025 मध्ये वृद्धांसाठी आयोग नेमण्याचा कायदा केला, देशातला पहिला. 2011 च्या जनगणनेत तिथे साठीवरची लोकसंख्या 12.6 टक्के होती, गोव्यात 11.2 आणि महाराष्ट्रात 9.9. आपण फार मागे नाही, म्हणून फार थांबायलाही नको.

संयुक्त राष्ट्रांत 2010 पासून एक कार्यगट या विषयावर बसत होता. चौदा बैठका झाल्या. स्त्रिया, मुलं, अपंग यांच्या हक्कांचे जागतिक करार आहेत, वृद्धांचा नाही. अमेरिका खंडातल्या देशांनी 2015 मध्ये आपला करार केला, आफ्रिकेने 2016 मध्ये. अखेर 3 एप्रिल 2025 रोजी मानवी हक्क परिषदेने जागतिक कराराचा मसुदा तयार करण्यासाठी आंतरसरकारी गट नेमला, आणि तोही एकमताने. मसुद्याचं काम आता सुरू होतंय. आपल्या ज्येष्ठांच्या महासंघांनी त्यात काय असावं हे आताच लिहून द्यायला हवं.

हे सगळं ज्यांच्यापर्यंत सर्वांत कमी पोचतं ती माणसं कधी निवृत्तच होत नाहीत. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव आणि राजस्थानात काम केलेल्या अरुणा रॉय यांनी 2012 मध्ये पेन्शन परिषद उभी केली ती त्यांच्यासाठी. किमान वेतनाच्या निम्मी, पण 2,000 रुपयांहून कमी नाही, अशी सार्वत्रिक पेन्शन ही त्यांची मागणी. दिल्लीत जंतरमंतरवर देशभरातून हमाल, शेतमजूर, विधवा येऊन बसल्या. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत 60 ते 79 वयाच्या माणसाला दिल्लीकडून येणारा वाटा तेव्हा 200 रुपये होता, आणि 2007 पासून तो तेवढाच आहे. महाराष्ट्र आपली भर घालून 1,500 रुपये देतो, पण श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावं लागत आलं आहे. दिवसाचे सत्तावन्न रुपये. इतक्या कमी उत्पन्नाचा दाखला खरेपणाने मिळवणं अवघड, म्हणून कित्येक गरजू बाहेर राहतात.

या माणसांच्या बाबतीत ‘द्या’ आणि ‘अडवू नका’ या दोन्ही मागण्या एकाच दारात येऊन उभ्या राहतात. बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळात 18 ते 60 वयाच्यांनाच नोंदणी, हे 1996 च्या केंद्रीय कायद्यात होतं आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीला 59 पर्यंतच प्रवेश आहे. म्हणजे साठीनंतर डोक्यावर घमेलं वाहणारी बाई सरकारच्या मोजणीत कामगार नाही. महाराष्ट्राच्या घरकामगार मंडळाच्या 2008 च्या कायद्यातही साठी ही शेवटची पायरी. बासष्टाव्या वर्षी चार घरची भांडी घासणाऱ्या बाईचं काम सुटत नाही, मंडळातलं नाव मात्र सुटतं, आणि उपचाराला मदत लागते ती नेमकी त्या वयात. बांधकाम मजुरांची आणि ई-श्रमची अट बदलायची तर दिल्ली गाठावी लागेल. घरकामगारांची अट मात्र आपल्या विधिमंडळाने घातलेली आहे, आणि ती काढायला एका दुरुस्ती विधेयकाची गरज आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, घरकामगारांच्या संघटना आणि वयाची अट सोसलेली स्पर्धा परीक्षांची मुलं यांनी पहिली एकत्र मागणी करायची, तर ती याच दुरुस्तीची करावी.